नोंदणी तूर्त बंद आहे

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, कुणाचं खातं गोठलं, एखादी पोस्ट सरकारी आदेशाने भारतात दिसेनाशी झाली किंवा मालकाने काही नवा उद्योग केला, की आपल्याकडे तीच जुनी चर्चा नव्याने पेटते. अर्धे म्हणतात, चला मास्टोडॉन या ट्विटरसारख्याच माध्यमावर, तिथे मालकच नाही, तोंड दाबणार कोण? उरलेले अर्धे म्हणतात, मालक नाही म्हणजे वालीच नाही, तिथे ट्रोल आणि भामटे मोकाट सुटणार. अलीकडे ठाण्यात याच विषयावरच्या एका छोट्या चर्चेला गेलो होतो. तिथेही स्वातंत्र्य विरुद्ध शिस्त हाच सामना शेवटपर्यंत रंगला, दोन्ही बाजूंनी टाळ्या घेतल्या आणि चहा झाला. या महिन्यात नवी माणसं किती घ्यायची आणि त्यांच्या तक्रारी वाचणार कोण, हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तेवढाच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विकेंद्रित, म्हणजे एका मालकाच्या हाती नसलेलं, माध्यम टिकतं की बुडतं, हे मुख्यतः भरतीच्या वेगावर ठरतं. जितक्या तक्रारी शहाण्या माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ शकतात, तेवढ्याच बेताने माणसं आत घ्यावीत. त्यापुढे ‘नोंदणी तूर्त बंद आहे’ अशी पाटी खुशाल लावावी. आणि तक्रारी वाचण्याच्या कामाचा मोबदला सभासदांनी स्वतःच्या खिशातून द्यावा. याला कुणी उच्चभ्रूपणा म्हणेल. त्या आक्षेपात तथ्य आहे, त्याकडे येतोच.

ज्यांना यातली यंत्रणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुण प्रोग्रामरने 2016 मध्ये मास्टोडॉन आणलं. ही एक वेबसाइट नव्हे. जगभर हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, आणि ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक प्रणालीवर ते एकमेकांशी बोलतात. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे तांत्रिक मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने ही प्रणाली जानेवारी 2018 मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. त्यामुळे ऐरोलीतल्या सर्व्हरवरचा माणूस बर्लिनच्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो. एखादा सर्व्हर फारच नाठाळ निघाला तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडतात. जुलै 2019 मध्ये गॅब हे अतिउजव्यांचं माध्यम मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा बहुतेकांनी त्याला वाळीत टाकलं. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे गॅबला ते वापरण्यापासून रोखता आलं नाही, पण त्याच्याशी बोलणं मात्र कुणावर बंधनकारक नव्हतं.

ऐरोलीचं नाव उगाच घेतलं नाही. तिथला माझा एक मित्र असा सर्व्हर चालवतो. गडकोट, पक्षी, जुनी पुस्तकं असल्या विषयांत रमणारी मराठी माणसं, संख्या शेकड्यांत मोजावी एवढीच. दिवसा तो माइंडस्पेसमधल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि रात्री जेवण आटोपलं की लॅपटॉप उघडून तक्रारींची रांग बघतो. परवा त्याच्या शेजारी बसून मीही ती पाहिली. पहिलं खातं क्रिप्टोच्या जाहिराती करणारं, ते दोन क्लिकमध्ये उडालं. मग दोन सभासद निवडणुकीवरून जुंपलेले, दोघांनीही एकमेकांविरुद्ध तक्रार ठोकलेली. तिसरी तक्रार एका जर्मन सर्व्हरवरून पुढे आली होती. मूळ मराठी पोस्ट गावच्या जत्रेतल्या मानपानाबद्दल, वरवर अगदी साधी. पण एका आडनावाच्या आडून एका जातीला मारलेला टोमणा त्यात होता. तिकडच्या नियंत्रकाला यंत्रानुवादातून कसलासा वास आला होता, नेमकं काय ते कळलं नव्हतं. मित्राला पहिल्या वाचनातच कळलं. तरीही त्याने त्या माणसाच्या जुन्या पोस्टी चाळल्या, हा पहिलाच प्रकार आहे की सवयच आहे ते पाहिलं, पोस्ट काढली आणि का काढली ते त्याला सभ्य शब्दांत लिहिलं. चहाचा कप गार होऊन गेला. तक्रार एकच.

त्यानंतर त्याने नोंदणीचे अर्ज उघडले. मास्टोडॉनमध्ये चालकाला ‘तुम्हाला इथे का यायचं आहे’ असा रकाना ठेवता येतो. उत्तरं अशी: ‘असंच’, ‘ट्रेकिंग’, ‘दादाने लिंक पाठवली’. आणि पाच वेगवेगळ्या नावांनी शब्दन्‌शब्द एकच, अतिशय सुबक इंग्रजी वाक्य. ते पाच अर्ज नामंजूर झाले. ‘असंच’ म्हणणाऱ्याला प्रवेश मिळाला.

या कामाला आणखी एक अंग आहे, ज्याबद्दल स्वातंत्र्यवाले अवाक्षर काढत नाहीत. तुमच्या सभासदांनी दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाला फॉलो केलं, की त्याच्या पोस्टींतल्या चित्रांच्या प्रती सहसा तुमच्या सर्व्हरवर येऊन साठतात. डिस्क भरते, बिल वाढतं, हे एक. पण त्यातलं एखादं चित्र बाललैंगिक शोषणाचं असेल तर? पोक्सो कायद्याचं कलम 15 अशी सामग्री बाळगण्याबद्दल आहे, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी कडक लावला. मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्याकडे ठेवणाऱ्या माध्यमाला, मिळणारं आयटी कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण बिनशर्त नाही. 2021 च्या नियमांनी 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर जादा जबाबदाऱ्या टाकल्या हे खरं, पण तक्रार अधिकारी नेमणं आणि 24 तासांत तक्रारीची पोच देणं लहानांनाही चुकलेलं नाही. म्हणजे ऐरोलीतला माझा मित्र, रात्री दहा वाजता, चड्डी-बनियनवर बसलेला, हा कायद्याने तक्रार अधिकारी आहे. त्याच्या दारात उद्या सकाळी पाच हजार माणसं उभी राहिली तर ‘या, या, सगळे या’ म्हणणं हे औदार्य ठरेल की बेजबाबदारपणा?

हे काल्पनिक नाही. 27 ऑक्टोबर 2022 रोजी इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला ट्विटर ताब्यात घेतलं आणि मास्टोडॉनचे महिन्याकाठी सक्रिय असलेले वापरकर्ते सुमारे तीन लाखांवरून काही आठवड्यांत पंचवीस लाखांवर गेले. सर्व्हर धापा टाकू लागले, पोस्टी तासन्‌तास उशिरा पोचू लागल्या. रोख्को यांच्याच संस्थेच्या मास्टोडॉन डॉट सोशल या सर्वांत मोठ्या सर्व्हरला नोंदणी थांबवावी लागली. तेव्हा ‘बघा, यांना पाहुणे आले तर सांभाळता येत नाहीत’ अशी टिंगल झाली. मला उलट वाटतं. त्या महिन्यांत जे काही शाबूत राहिलं ते बऱ्याच अंशी या बंद दारांमुळे राहिलं. आलेल्यांपैकी अनेक जण पुढच्या काही महिन्यांत परत गेले. त्यांच्या स्वागतासाठी ज्यांनी घरावर कर्ज काढून यंत्रं भाड्याने घेतली असती, ते चालक आज कुठे असते?

गर्दीने माध्यम कसं बदलतं याचा धडा इंटरनेटला फार आधी मिळाला आहे. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर दर सप्टेंबरमध्ये अमेरिकी विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, धुमाकूळ घालत, जुनी मंडळी त्यांना दटावत, समजावत, आणि दिवाळीच्या सुमाराला सगळं पुन्हा शांत होई. 1993-94 मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना तिथे वाट करून दिली आणि तो सप्टेंबर कधी संपलाच नाही. नवे लोक जुन्यांपेक्षा वाईट होते का? मुळीच नाही. शिकवणारे आणि शिकणारे यांचं प्रमाण बिघडलं, एवढंच झालं. शंभरात पाच नवे असतील तर ते शंभरांसारखे होतात. शंभरात पाचशे आले तर शंभर कुठे गेले ते कळतही नाही.

‘माझं दार, मी उघडं ठेवीन, तुमचं काय जातं?’ हा युक्तिवादही ऐकू येतो. एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या या जाळ्यात तो टिकत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मास्टोडॉनवर कचऱ्याची, म्हणजे स्पॅमची, मोठी लाट आली. ती आली कुठून? नोंदणी सताड उघडी आणि चालकाचा पत्ता नाही, अशा छोट्या, विसरलेल्या सर्व्हरांवरून. हल्लेखोरांनी तिथे धडाधड खाती उघडली आणि तिथून सगळ्यांच्या अंगावर कचरा फेकला. ज्यांचे नियंत्रक जागे होते त्यांनाही रात्री घालवाव्या लागल्या.

ठाणेकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. घोडबंदर रस्त्यावर गेल्या पंचवीस वर्षांत टॉवर उभे राहिले ते आधी आणि पाण्याचं नंतर बघू या हिशेबाने. ठाणे महापालिकेला स्वतःचं धरण नाही; आपली भातसा योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून मिळून गरज भागवावी लागते. खाडीपलीकडे नवी मुंबईने 2002 मध्ये मोरबे धरण विकत घेतलं, त्या दूरदृष्टीचं पाणी ती आजही पिते आहे. इकडे 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पाण्याच्या प्रश्नावरून घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकाम परवानग्या काही काळ रोखाव्या लागल्या. तेव्हा बिल्डर मंडळींनी केलेला आरडाओरडा आणि आज ‘नोंदणी बंद म्हणजे हुकूमशाही’ असं म्हणणाऱ्यांचा सूर मला एकाच पट्टीतला वाटतो. तक्रारी वाचणारा माणूस हे या माध्यमाचं पाणी. ते नळाला येतंय की नाही हे न बघता भोगवटा प्रमाणपत्रं वाटायची?

इथे सर्वांत जोरकस प्रतिवाद उभा राहतो, आणि तोही ठाणे जिल्ह्याच्याच अनुभवातून. अधिकृत दार बंद झालं की माणसं येणं थांबत नाहीत, ती अनधिकृत दाराने जातात. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसं मेली. दिघ्यातल्या 99 अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या इमारतींत राहणारे लोक बेकायदा राहायची हौस म्हणून तिथे गेले नव्हते, त्यांना परवडेल असं अधिकृत घरच नव्हतं. तसंच चांगल्या सर्व्हरांनी दारं लावली तर नवखा माणूस एक तर सर्वांत मोठ्या सर्व्हरवर जाऊन आदळेल, म्हणजे पुन्हा केंद्रीकरण, नाही तर कुठल्या तरी बेवारस सर्व्हरवर. मे 2023 मध्ये मास्टोडॉनने आपल्या ॲपमधली नोंदणी थेट मास्टोडॉन डॉट सोशलकडे वळवली. कारण उघड होतं: सर्व्हर निवडा म्हटलं की लोक गांगरून निघून जातात.

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. शिळफाट्यावर जे झालं त्याचा इलाज घोडबंदरला पाण्याविना आणखी चार टॉवर, असा कुणी सुचवला असता का? परवडणारी, पाणी असलेली घरं दुसरीकडे बांधणं आणि अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्याला जाब विचारणं, हाच इलाज होता. तसं बंद दारावर नुसती पाटी पुरत नाही, शेजारचा पत्ताही हवा. अमुक दोन सर्व्हरवर जागा आहे, तिथे चला, पुढे इकडे यावंसं वाटलं तर खातं हलवता येतं, हे तिथेच लिहिलेलं हवं. मास्टोडॉनमध्ये फॉलोअर घेऊन सर्व्हर बदलता येतो. जुन्या पोस्टी मागेच राहतात, ही उणीव आहेच.

दुसरा आक्षेप जातीचा आणि वर्गाचा. दारात उभा राहून कोण आत येणार हे ठरवणारा शेवटी कोण असतो? ऐरोलीतला आयटीवाला, इंग्रजी येणारा, शहरी. नोव्हेंबर 2019 मध्ये भारतातून मास्टोडॉनवर पहिली मोठी लाट गेली, ती ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झाल्यावर. त्याच दिवसांत खातं अधिकृत असल्याची ट्विटरची निळी खूण कुणाला मिळते आणि कुणाला नाही, यावरून दलित-बहुजन कार्यकर्ते जातीय पक्षपाताचा आरोप करत होते. एका दाराशी अडवलेल्या माणसाला दुसऱ्या दाराशीही थांबा म्हणायचं, हे कुठल्या तोंडाने?

यावर माझं उत्तर इतिहासातून देतो. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दार कागदावर सताड उघडं होतं. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसांना तिथवर चालत जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले. ठराव होता, ठरावामागे उभं राहणारं कुणी नव्हतं. ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असं लिहिलेल्या आणि नियंत्रक नसलेल्या माध्यमावर आज पहिल्यांदा कोण बाहेर फेकलं जातं? एखादी दलित मुलगी लिहायला लागते, पन्नास जण तुटून पडतात, ती आठवड्याभरात खातं बंद करते, आणि आकडेवारीत मात्र दार उघडंच असतं. म्हणून दारापेक्षा तक्रारींच्या टेबलाशी कोण बसलंय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भरती रांगेने व्हावी, आवडीनिवडीने नव्हे. ‘का यायचं आहे’ हा रकाना यंत्र ओळखण्यापुरता असावा, त्याची प्रवेशपरीक्षा होऊ नये. आणि टोमणा ज्याला लागतो त्याच्यासारखं कुणी तरी नियंत्रकांत असावं. हे नसेल तर आक्षेप घेणारे बरोबर आहेत आणि मी त्यांच्या बाजूने बोलेन.

शिस्तवाल्यांचं म्हणणं असं, की हे सगळे हौशी खेळ आहेत, मोठ्या कंपनीकडे पैसा आहे, यंत्रणा आहे. त्यांच्या हातात एक भक्कम पुरावा आहे आणि तो मी लपवणार नाही. जुलै 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मास्टोडॉनच्या काही मोठ्या सर्व्हरांची दोन दिवस तपासणी केली. सव्वातीन लाख पोस्टींत बाललैंगिक शोषणाची आधीच नोंद असलेली 112 चित्रं सापडली, पहिलं तर पाच मिनिटांत. अशी चित्रं आपोआप ओळखणारी साधनं मोठ्या कंपन्यांकडे असतात, लहान चालकाला ती सहजी मिळत नाहीत. ही खरी दुखरी नस आहे.

पण पैसा असला की काम होतं, हे कुठे सिद्ध झालंय? म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवायला फेसबुकचा वापर झाला. तो रोखायला आम्ही पुरेसं केलं नाही, हे कंपनीने 2018 मध्ये स्वतः मान्य केलं. मालक होता, पैसा होता, बर्मी वाचणारी पुरेशी माणसं नव्हती. जत्रेवरच्या त्या मराठी पोस्टचं तिथे काय झालं असतं? ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच माध्यमाचं उदाहरण तर आणखी बोलकं. नाव विकेंद्रित, पण बहुतेक सगळे वापरकर्ते एकाच कंपनीच्या यंत्रांवर. फेब्रुवारी 2024 पर्यंत तिथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. नुसतं अरुंद दार पुरत नाही हे तिथेही दिसलं: जुलै 2023 मध्ये वंशद्वेषी शिव्याच खात्याचं नाव म्हणून घेता येत होत्या आणि कंपनीला त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण त्या काळात त्यांनी तक्रार यंत्रणा बांधून घेतली, आणि पाठोपाठ मार्च 2024 मध्ये पोस्टींवर त्रयस्थांना लेबलं लावता यावीत अशी सोय केली. नोव्हेंबर 2024 मध्ये वापरकर्ते दोन कोटींवर गेले तेव्हा एका दिवसात 42 हजार तक्रारी आल्या. 2023 च्या अख्ख्या वर्षात आल्या होत्या 3 लाख 60 हजार. कंपनीने नियंत्रक 25 वरून 100 वर नेले. दार आधीपासूनच सताड असतं तर हा लोंढा कुणी झेलला असता, याचा विचार करावा.

स्वातंत्र्यवाल्यांनाही त्यांचं श्रेय द्यायला हवं. एकाच मालकाच्या आणि एकाच पोलीस ठाण्याच्या मर्जीवर बोलणं अवलंबून असलं की काय होतं, हे आपण पालघरला पाहिलंय, आणि 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक झाली. ज्या कलमांचा तेव्हा आधार घेतला गेला त्यातलं आयटी कायद्याचं 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्दबातल ठरवलं. म्हणून अनेक दारं असलेलं माध्यम हवं, याबद्दल माझं दुमत नाही. फक्त प्रत्येक दारामागे दिवा लावायला माणूस लागतो, आणि तो फुकट मिळत नाही.

पैशाचा विषय निघाला की दोन्ही बाजू गप्प होतात. मास्टोडॉन डॉट लोल हा हजारो सभासदांचा सर्व्हर चालवणाऱ्या एकट्या माणसाने 2023 च्या सुरुवातीला, वादांना आणि मनस्तापाला कंटाळून, तो बंद करायचं जाहीर केलं. लहान सर्व्हरांना नियंत्रणाच्या कामात मदत करणारी, घातक चित्रं ओळखणारी सामाईक सेवा उभारणारी आयएफटीएएस ही संस्था होती. स्टॅनफर्डने दाखवलेल्या दुखण्यावरचं नेमकं औषध. 2025 मध्ये निधीअभावी तिला त्यातल्या बहुतेक सेवा गुंडाळाव्या लागल्या. लाखो लोक ज्या जाळ्यावर स्वातंत्र्याची गाणी गातात, त्यांना मिळून एवढी एक संस्था पोसता आली नाही.

सहकाराच्या महाराष्ट्रात हे अवघड वाटायला नको. सोसायटीत राहणारा प्रत्येक ठाणेकर दरमहा देखभाल खर्च भरतो, वार्षिक सभेत हिशेबावरून भांडतो, लेखापरीक्षण मागतो. सोशल डॉट कोऑप नावाचा सभासदांच्याच मालकीचा मास्टोडॉन सर्व्हर हे कित्येक वर्षं करून दाखवतो आहे. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी पाळाव्या लागतात: द्वेषाविरुद्ध सक्रिय नियंत्रण, रोजचा बॅकअप, चालकाखेरीज आणखी एकाकडे आपत्कालीन किल्ली, बंद करायचं तर तीन महिन्यांची पूर्वसूचना. हे आपल्या आदर्श उपविधींसारखंच आहे, त्यात दोन कलमं आपण घालावीत. नियंत्रक किती आणि उघड्या तक्रारी किती, हे मुखपृष्ठावर दिसावं. आणि तक्रारी ठरावीक मर्यादेपलीकडे तुंबल्या की नोंदणी आपोआप थांबावी, चालकाच्या मनावर ते राहू नये.

मित्राला मी हे सुचवलं तेव्हा त्याने एकच अडचण काढली. वर्गणी लावली तर ‘दादाने लिंक पाठवली’ म्हणणारा अकरावीतला मुलगा ती कुठून भरणार? माझं मत, विद्यार्थ्यांना माफी आणि नोकरदारांना जास्त, असा सरळ हिशेब ठेवावा. त्याचं मत, मग दर वार्षिक सभेत नोकरदार कुणाला म्हणायचं यावरच भांडणं होतील. होतील. ती व्हायला हवीत.